पिंपातले पाणी आणि समुद्रापलीकडचे बेट

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा वसतिगृहाचे काम पाहणाऱ्या आम्हा मंडळींना प्रथम सुचल्या त्या नेहमीच्याच गोष्टी. पत्र्याच्या खोल्यांतील पहिले वर्ग, सायकलवरून आणलेली धान्याची पोती, पहिल्या तुकडीचा दहावीचा निकाल. त्या आठवणी इतरांनी लिहिल्या आहेत आणि आमच्याहून चांगल्या लिहिल्या आहेत. आम्ही येथे लिहिणार आहोत ते डासांविषयी. उत्सवाच्या ग्रंथाला हा विषय शोभणारा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु २०२४ च्या पावसाळ्यात मुलांना घरी पाठवावे की येथेच ठेवावे, हा प्रश्न ज्यांच्या दारात उभा राहिला होता ते पालक आणि दूरगावी बसून फोनवर चौकशी करणारे माजी विद्यार्थी, या दोघांनाही त्या तीन महिन्यांचा नीट वृत्तांत कधी मिळाला नाही. तो देणे आम्हांला आवश्यक वाटते.

आपल्या शाळेचे वर्ष दोन पंचांगांवर चालते. एक शासनाचे, जूनमध्ये सुरू होणारे. दुसरे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासाचे. या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचन असते, मुले पहाटे लवकर उठतात, संध्याकाळी वंदनेनंतर चर्चा होते. वर्षावासाचा नियम भगवंतांनी का घातला, हे मुलांना दरवर्षी सांगितले जाते. पावसात चारिका करणाऱ्या भिक्षूंच्या पायांखाली कोवळे गवत आणि बारीकसारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून पावसाळ्यात एका जागी राहावे असे ठरले. म्हणजे लहानात लहान जिवाची काळजी घेण्यासाठी नेमलेला हा काळ. पुण्यात नेमका हाच काळ एडीस डासाच्या भरभराटीचा असतो. हा योगायोग आमच्या लक्षात यापूर्वी आला नव्हता असे नाही, पण त्याचे ओझे त्या वर्षी प्रथमच जाणवले.

जून २०२४ मध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले. आधी एक डॉक्टर आणि मग त्यांची मुलगी. पुढे शहराच्या निरनिराळ्या भागांत गरोदर स्त्रिया बाधित झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि वर्षअखेरपर्यंत शहरातील रुग्णसंख्या शंभराच्या घरात गेली. झिका आपल्याकडे अगदीच अनोळखी नव्हता. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी महाराष्ट्रातील पहिला रुग्ण आढळला होता. परंतु बेलसर गाव वाटले होते, एरंडवणे म्हणजे हाकेच्या अंतरावर. आमच्यातील एक शिक्षिका तेव्हा गरोदर होत्या. झिकाचा ताप मोठ्या माणसाला फारसा छळत नाही, पण पोटातील बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो, हे वाचल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्यांनी रजा घ्यावी असे आम्ही सुचवले. त्या म्हणाल्या, घरी काय डास येत नाहीत? प्रश्न बिनतोड होता. अंगभर कपडे, दिवसाही मच्छरदाणी आणि वरच्या मजल्यावरचा वर्ग, एवढ्या व्यवस्थेवर त्यांनी सप्टेंबरपर्यंत शिकवले. बाळ सुखरूप आहे, हे येथेच सांगून टाकतो.

२५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरे बुडाली. आपली शाळा उंचावर असल्याने आपल्याला पुराची झळ लागली नाही. पण पूर ओसरल्यावर ताप सुरू झाले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सहावीच्या दोन मुलांना ताप भरला, दोन दिवसांत स्वयंपाकघरातील मावशी अंथरुणाला खिळल्या, आणि पाठोपाठ शेजारच्या बांधकामावरील रखवालदाराची मुलगी तापली. रक्ततपासणीत मुलांना डेंगी निघाला. मावशींना चिकुनगुनिया.

याच सुमारास आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. तो काही वर्षांपूर्वी हॉटेलच्या कामासाठी मॉरिशसला गेला आहे. बातम्या वाचून त्याने चौकशी केली आणि ओघात आपला एक अनुभव सांगितला. तो प्रथम तेथे उतरला तेव्हा विमानतळावर त्याच्याकडून कोठून आला, कोठे राहणार, याची नोंद करून घेतली गेली. त्याला वाटले, परकीयाची चौकशी असेल. काही दिवसांनी सरकारी आरोग्य कर्मचारी त्याच्या खोलीवर हजर. ताप आला होता का, असे विचारून त्यांनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. भारतातून आलेल्या माणसाच्या रक्तात हिवतापाचा जंतू आहे काय, हे पाहण्यासाठी. तो हसत म्हणाला, "सर, आपल्याकडे ताप आल्यावर आपण डॉक्टर शोधत फिरतो, इथं ताप यायच्या आधीच डॉक्टरचा माणूस आपल्याला शोधत येतो."

हे वाक्य आम्हांला चावत राहिले. संध्याकाळच्या चर्चेचा ठरलेला विषय बाजूला ठेवून आम्ही मुलांसमोर नकाशा उघडला आणि त्या बेटाची गोष्ट मिळेल तशी जमवू लागलो. ती आपल्याला परकी नाही, हे हळूहळू कळत गेले.

मॉरिशस म्हणजे पुणे जिल्ह्याच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढी जमीन आणि साडेबारा लाखांच्या आसपास माणसे. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जे गिरमिटिये तेथे नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठी मजूरही होते. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही तेथे आहेत. मराठी तेथील शाळांत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. हे मजूर गेले तेव्हा बेटावर हिवताप नव्हता. १८६० नंतरच्या काही वर्षांत हिवताप पसरवणारा डास आणि त्याचा जंतू दोन्ही तेथे पोहोचले आणि १८६७ या एका वर्षात बेटावरील सुमारे अष्टमांश माणसे मेली. ज्यांना परवडत होते ते पोर्ट लुई सोडून उंचावरच्या क्यूरपीपला राहायला गेले; ते गाव वाढले ते मुळी या पळापळीमुळे. मजुरांना जाण्यासाठी उंच जागा नव्हती. उलट, हा ताप भारतातून आलेल्या जहाजांनी आणला, असा ठपका त्यांच्याच माथी आला.

रोगाबरोबर एक आरोपी शोधण्याची ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. आरोपी बहुधा ज्याच्या घरापुढून गटार वाहते तोच ठरतो. गटार तेथे कोणी आणून सोडले, हे विचारले जात नाही. पुण्याच्या प्लेगमध्येही हे घडले. त्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता स्वतः बाधित झाल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याच वर्षी, २० ऑगस्टला, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. मुलांनी फळ्यावर या दोन तारखा एकाखाली एक लिहिल्या. रोगाचे कारण ठाऊक नसतानाही रुग्णाला उचलून नेणारी एक स्त्री, आणि पाच महिन्यांनी दुसऱ्या एका रोगाचे कारण शोधून काढणारा एक डॉक्टर. रॉस यांना पुढे १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले हे पाठ्यपुस्तकात असते. १९०७ साली त्यांना मॉरिशसला बोलावले गेले, हे नसते. त्यांनी तेथे शाळकरी मुलांच्या पोटातील पाणथरी तपासून कोणत्या भागात हिवताप किती मुरला आहे हे ठरवले, आणि सल्ला दिला तो अगदी साधा होता: दलदली बुजवा, ओढे वाहते ठेवा, लहान लहान चर खणा, आणि हे काम वर्षानुवर्षे चालू ठेवा.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या फवारणीची जोड मिळाली आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेट हिवतापमुक्त जाहीर केले. गोष्ट येथे संपली असती तर ती मुलांना सांगण्यात आम्हांला फारसा रस नव्हता. दोनच वर्षांनी, १९७५ च्या फेब्रुवारीत, जर्व्हेझ नावाचे चक्रीवादळ आले. पडझडीत ठिकठिकाणी पाणी साचले, बाहेरून आलेल्या माणसांच्या रक्तात जंतू होताच, हिवताप परतला. पुन्हा सगळी मोहीम उभी करावी लागली आणि स्थानिक लागण थांबायला विसावे शतक जवळजवळ सरले. आपल्या विद्यार्थ्याच्या बोटाला टोचलेली सुई ही त्या परतलेल्या तापाची आठवण आहे. ताप नाहीसा झाल्यावरही पहारा उठवायचा नसतो, हे त्या बेटाने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे.

आणि तरीही २००५ मध्ये हिंदी महासागरातील बेटांवर चिकुनगुनिया आला. या रोगाचे नाव टांझानियातील माकोंडे लोकांच्या भाषेतले आहे. वाकवून टाकणारा, असा त्याचा अर्थ. १९५२ मध्ये तेथेच तो प्रथम ओळखला गेला. २००४ साली केनियाच्या किनाऱ्यावरील लामू बेटावर त्याची मोठी साथ आली, मग कोमोरो, मॉरिशस, रियुनियन. रियुनियन हा मॉरिशसच्या शेजारचा फ्रान्सच्या ताब्यातील भाग. तेथे पावणेआठ लाख वस्तीपैकी सुमारे २ लाख ६६ हजार माणसांना लागण झाली आणि डासांचा बंदोबस्त करायला फ्रान्सला सैनिक उतरवावे लागले. मॉरिशसमध्ये २००५ मध्ये पहिली लाट आली, ती विरली असे वाटत असताना २००६ च्या आरंभी दुसरी, अधिक मोठी. हिवतापाविरुद्ध उभी केलेली यंत्रणा तेथे होती, परंतु शत्रू वेगळा होता. हिवतापाचा डास रात्री चावतो आणि मोकळ्या, साचलेल्या पाण्यात वाढतो. चिकुनगुनिया पसरवणारा वाघी डास दिवसा चावतो आणि त्याला नारळाची करवंटी, फुटका डबा, टायर एवढेही पाणी पुरते. अशा डासापुढे दलदली बुजवणारा अभियंता थकतो. घराघराच्या अंगणात कोणीतरी वाकून पाहावे लागते.

लामूच्या साथीविषयी एक गोष्ट मुलांना फार नवलाची वाटली. ती साथ पावसाने आलेली नव्हती, अवर्षणाने आली होती. पाणी दुर्मिळ झाले, लोकांनी घरात भांड्यांत पाणी साठवले, भांडी क्वचितच रिकामी होऊन पुन्हा भरली जात, आणि त्यांत डास वाढले. आम्ही हे वाचून दाखवताच एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आमच्या वस्तीसारखंच."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये महापालिकेत आला, परंतु नळाचे पाणी सर्वत्र त्या वेगाने आले नाही. बेनकर वस्ती, रायकर मळा या बाजूंना उंच इमारती झाल्या आणि टँकरची रांगही वाढली. ज्याच्याकडे जमिनीखाली टाकी आहे तो टँकर रिता करून घेतो. ज्याच्याकडे नाही तो पिंपे भरतो. पाण्याचा भरवसा नसलेल्या घरात पिंप रिकामे करून घासा, असे सांगणे सोपे आणि करणे अवघड असते. उद्या पाणी येणार की नाही हे ठाऊक नसताना आजचे पाणी ओतून कोण टाकेल? आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे फलक सर्वत्र लावलेले असतात. फलक योग्यच आहेत. मात्र ज्या बाईला दोन हंड्यांसाठी तासभर उभे राहावे लागते तिला ते कसे वाचायला मिळत असतील, याचा विचार फलक लिहिणाऱ्याने एकदा करावा, असे आम्हांला वाटते. पाण्यासाठी महाडच्या चवदार तळ्यापर्यंत चालत गेलेल्या लोकांची आपण लेकरे आहोत. पाणी साठवण्याची आपली सवय हा अडाणीपणा नाही; ती अनेक पिढ्यांच्या तहानेची स्मृती आहे.

चिकुनगुनियाचे पुण्याशी नाते तर त्याहून जुने निघाले. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची मोठी साथ आली होती आणि गावातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसे आजारी पडली होती. पुढे सुमारे तीन दशके तो देशातून नाहीसा झाल्यासारखा होता. नाहीसा झाल्यासारखा, कारण २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या डासांत शास्त्रज्ञांना तो विषाणू सापडला. तेव्हा ती बारीकशी नोंद होती. डिसेंबर २००५ पासून दक्षिणेकडील राज्यांत आणि मग महाराष्ट्रात साथ उसळली, २००६ या एका वर्षात देशात जवळपास १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. तपासणीअंती दिसले की हा विषाणू बार्शीच्या जुन्या विषाणूच्या कुळातला नव्हता. तो हिंदी महासागरातील बेटांवर धुमाकूळ घालणाऱ्या आफ्रिकी कुळातला होता, आणि यवतचाही त्याच कुळातला होता. हे ओळखणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आपल्याच शहरात, डॉ. आंबेडकर रस्त्यावर आहे. रस्त्याचे नाव ऐकून मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही त्यांना थांबवले नाही.

आता आपल्या आवाराकडे येऊ. पहिले रुग्ण सापडले त्याच संध्याकाळी पालकांचे फोन सुरू झाले. काही जण दुसऱ्या दिवशी मुलांना न्यायला आले. आम्ही कोणाला अडवले नाही, पण एक गोष्ट प्रत्येकाला सांगितली: घरी जागा एका खोलीची असेल, रुग्णाच्या शेजारी धाकटी भावंडे झोपणार असतील आणि मच्छरदाणी नसेल, तर तापलेले मूल येथेच राहणे सर्वांच्या हिताचे आहे. डास डेंगीच्या रुग्णाला चावला की आठ-दहा दिवसांनी तो स्वतः रोग देऊ लागतो; म्हणून रुग्णाला मच्छरदाणीत ठेवणे हे त्याच्यासाठी नसते, इतर सर्वांसाठी असते. ग्रंथालय रिकामे करून तेथे आजारी मुलांच्या खाटा लावल्या. ताप उतरवायला केवळ पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या इतर गोळ्या, विशेषतः अॅस्पिरिन, कोणी आणून दिल्या तरी द्यायच्या नाहीत, कारण डेंगीत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पेज, ताक, मीठ-साखरेचे पाणी. आणि ताप उतरला म्हणजे धोका टळला असे मानायचे नाही. डेंगीत ताप उतरल्यानंतरचे दोन दिवसच जपण्याचे असतात. पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, यांपैकी काही दिसताच रुग्णालय. एका मुलाला असे न्यावे लागले. चार रात्री आम्ही आळीपाळीने त्याच्या उशाशी होतो. त्याचे वडील सेंट्रिंगचे काम सोडून नगरहून आले होते आणि रात्रभर त्याच्या पायांवरून हात फिरवत बसत. पाचव्या दिवशी मुलाने भाकरी मागितली.

आजारी खोलीत कोणी थांबायचे, यावरून पहिल्या दिवशी थोडी चुळबूळ झाली. रोग माणसाकडून माणसाला शिवण्याने लागत नाही हे सर्वांना सांगितले होते, तरी मोठी मुलेही दारातूनच बोलत. त्या संध्याकाळी भन्तेजींनी विनयपिटकातील ती कथा सांगितली: अतिसाराने लोळागोळा झालेला एक भिक्षू स्वतःच्या मलमूत्रात पडून आहे, तो संघाच्या काही कामाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही, आणि भगवंत आनंदाला घेऊन स्वतः त्याला न्हाऊ घालतात. कथा सर्वांना पाठ होती. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयाच्या दारात दहावीची चार मुले बादल्या घेऊन उभी होती.

खरा पेच पुढे होता. डासांच्या अळ्या कोठे आहेत याचा शोध मुलांच्या तुकड्यांनी घेतला. न्हाणीघराच्या मागचा हौद, फ्रिजच्या पाठीमागचा ट्रे, पिंपळाखाली पक्ष्यांसाठी ठेवलेले मातीचे पसरट भांडे. पक्ष्यांच्या भांड्यात अळ्या वळवळताना पाहून धाकट्या मुली अगदी हिरमुसल्या. नववीतील एका मुलाने त्या रात्री विचारले, "रोज सकाळी आपण पाणातिपाता वेरमणी म्हणतो. मग हौदात औषध टाकून हजार अळ्या मारायच्या, हे कसं?"

असल्या प्रश्नाला, जा रे, डास तो डास, असे उत्तर देणे शक्य होते. ते दिले असते तर आपल्या शाळेच्या नावाला अर्थ उरला नसता. तीन संध्याकाळी चर्चा चालली. एका बाजूने सांगण्यात आले की कर्माचे मूळ चेतनेत आहे. मारण्याचा हेतू नसून मुलांना वाचवण्याचा आहे. तो मुलगा म्हणाला, अळीला हेतू कळत नाही. मग आम्ही बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील अहिंसेवरचे प्रकरण काढले. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत तथागतांनी भेद केला होता, अशी मांडणी बाबासाहेब तेथे करतात. चर्चेला तिथे पाय टेकायला जागा मिळाली. गरज म्हणायची असेल तर ती गरज आहे हे आधी सिद्ध केले पाहिजे; म्हणजे न मारता जे करता येते ते सर्व प्रथम करायचे आणि उरलेच तर औषध. भिक्षूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे फडके असते, ते पाण्यातील जीव वाचावेत म्हणून. त्याच धर्तीवर मुलांनी पिंपांच्या तोंडांना जुन्या सुती साड्यांचे दुपदरी कापड ताणून बांधले. डास आत जाऊ शकला नाही तर अंडी घालणार नाही, अंडी नसतील तर मारायला कोणी नाही. पक्ष्यांचे भांडे काढले नाही. ते दर तिसऱ्या दिवशी रिकामे करून घासण्याचे ठरले. घासणे महत्त्वाचे, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत असतात. केवळ पाणी ओतून टाकले तर पुढच्या पाण्यात ती पुन्हा जागी होतात. हौद मात्र झाकता येण्यासारखा नव्हता. तेथे आरोग्य कोठीतून गप्पी मासे आणून सोडले. यावर त्या मुलाने विचारले की आपल्याऐवजी माशाने खाल्ले तर शील कोणाचे मोडते; त्याला उत्तर देण्याचे भन्तेजींनी हसून टाळले.

धूरफवारणीविषयी आमचे मत तेव्हापासून थोडे कडवट झाले आहे. धुराचे यंत्र आले की लोकांना काहीतरी झाल्यासारखे वाटते. पण धूर उडत्या डासांपुरता. पाण्यातील अळीला तो शिवतही नाही आणि आठवड्या-दहा दिवसांत नवी पिढी हजर होते. फोटो मात्र धुराचेच चांगले येतात.

आवाराबाहेरचे काम अधिक कठीण गेले. शेजारच्या एका इमारतीचे बांधकाम बरेच दिवस रखडले होते. तिच्या लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी आणि पाण्यावर अळ्यांचा थर. रखवालदाराचे कुटुंब तेथेच पत्र्याच्या खोलीत राहत होते, आणि त्यांच्या मुलीचा ताप तेथूनच आलेला असणार. मालकाला फोन केले, भेटलो, लेखी पत्र दिले. उद्या करतो, हे उत्तर दोन आठवडे मिळत राहिले. अधिकृत तक्रारीचा क्रमांक मिळाला, त्यापुढे काही मिळाले नाही. शेवटी एका रविवारी आपल्याच पालकांपैकी गवंडीकाम, प्लंबिंग करणारे सात-आठ जण आले. एकाने भाड्याचा डिझेल पंप आणला. रखवालदार घाबरला होता. साहेब मला काढतील, म्हणत होता. पालकांनी त्याला सांगितले, की साहेबांनी विचारले तर शाळेचे लोक जबरदस्तीने घुसले असे सांग. दुपारपर्यंत खड्डा कोरडा झाला आणि वर पत्रे टाकले गेले. मालकाचा पुढे फोन आला, तो पंपाचे भाडे किती झाले हे विचारायला. भाडे त्याने दिले, हेही नोंदवतो.

त्यानंतर आमच्या आवारात नव्या तापाचे रुग्ण एकदम थांबले असे नाही. सप्टेंबरमध्ये आणखी तिघे आजारी पडले. पण ते तिघे वेगवेगळ्या सुट्ट्यांत घरी जाऊन आलेले होते, म्हणून मुलांनीच आग्रह धरला की आपापल्या वस्तीत जाऊन पिंपे पाहिली पाहिजेत. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने एक वही नेली. वह्या परत आल्या त्यांत अळ्यांपेक्षा दुसरेच काही जास्त होते. कोणाची आई धुणीभांडी करते. चिकुनगुनियाने तिची बोटे आखडली आहेत, कपडा पिळता येत नाही, चारपैकी दोन घरांनी दुसरी बाई लावली. कोणाचे वडील तीन महिने पाटी उचलू शकलेले नाहीत. चिकुनगुनियाने माणूस सहसा मरत नाही, असे वैद्यकीय पुस्तके सांगतात आणि ते खरे आहे. रोजावर जगणाऱ्या घराला मात्र हा रोग सांधे धरून महिनोन्महिने वाकवून ठेवतो. माकोंडे लोकांनी ठेवलेले नाव आम्हांला त्या वह्या वाचताना नीट समजले. आमच्या स्वयंपाकघरातील मावशींनाही पोळी लाटता यायला जानेवारी उजाडला. तोपर्यंत त्यांचा पगार चालू ठेवण्याचा ठराव संस्थेने केला होता. आणि वह्यांतील घरांपैकी ज्यांना निकड होती त्यांना माजी विद्यार्थ्यांनी धान्य पोहोचवले. कोणी किती दिले याची यादी त्यांच्याच इच्छेने येथे छापलेली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात गुइलेन-बॅरे आजाराचे रुग्ण वाढले, संशय पाण्यावर आला आणि पालकांचे फोन पुन्हा खणखणू लागले. त्या वेळी पाणी उकळण्याचे वेगळे प्रकरण झाले. ते लिहायला दुसरा लेख लागेल. एवढेच सांगतो की पाण्याच्या नोंदवहीची पाने तेव्हा तयार होती, आणि कोणत्या दिवशी कोणता टँकर आला हे विचारणाऱ्यांना आम्ही मिनिटभरात दाखवू शकलो.

मॉरिशसमधील विद्यार्थ्याचा फोन त्या उन्हाळ्यात पुन्हा आला. शेजारच्या रियुनियनवर चिकुनगुनिया परतला होता आणि त्याच्या बेटावरही रुग्ण सापडू लागले होते. या वेळी प्रश्न तो विचारत होता: हॉटेलच्या बागेतील शंभर कुंड्यांखालच्या ताटल्यांचे काय करावे? मुलांनी फोनभोवती गर्दी करून त्याला सांगितले, की ताटल्यांत वाळू भर, पाणी जिरते आणि वर साचत नाही.

रविवारची फेरी अजून चालू आहे. तो नववीतील मुलगा आता दहावीत गेला आहे. औषधाचे थेंब टाकण्यास तो आजही नकार देतो आणि आम्ही त्याला भाग पाडत नाही. त्याऐवजी पिंपे घासण्याचे काम त्याने स्वतःकडे मागून घेतले आहे. कोरड्या पिंपात मरायला कोणी नसते, असे त्याचे म्हणणे. कडेला चिकटलेली अंडी घासताना मरतातच, असा आक्षेप विज्ञानाच्या बाईंनी घेतला आहे. अंड्याला प्राणी म्हणायचे की नाही, यावर दोघांचा वाद गेल्या वर्षावासात सुरू झाला, तो अद्याप मिटलेला नाही.